सूर कागदावर कसे उतरले: कॉयरचा कागद, भातखंड्यांची मात्रा आणि घुमटाचे बोल

गोव्यात रविवारच्या मिस्सेला कॉयर, म्हणजे चर्चचा गानवृंद, उभा राहतो तेव्हा गाणाऱ्यांच्या हातात कागद असतो. चतुर्थीला घरोघरी फिरणाऱ्या घुमट आरतीच्या पथकात कुणाच्याच हातात कागद नसतो. दोन्हीकडे माणसं एकत्र गातात. दोन्हीकडे एकाची चूक सगळ्यांना ऐकू येते, आणि दोन्हीकडची पोरं लहानपणापासूनच तयार होत असतात. मग एकीकडे कागदावाचून चालत नाही आणि दुसरीकडे कागद आणला तर त्याची अडचणच होते, असं का?

‘ते शिकून गातात, आपण ऐकून गातो’ असं उत्तर आपल्याकडे सहज दिलं जातं. त्यात एक कमीपणाची भावना असते आणि मला ती मान्य नाही. संगीत लिहिण्याच्या पद्धती कशा घडल्या हे नीट पाहिलं की वेगळंच दिसतं. जगातली कुठलीही स्वरलिपी अख्खं गाणं लिहीत नाही. ज्यांनी ती घडवली त्यांना जे हरवण्याची धास्ती होती तेवढं ती लिहिते. जे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं ते ती सोडून देते. म्हणून एखादी स्वरलिपी समजून घ्यायची तर तिची चिन्हं पाठ करण्याआधी विचारावं की हिला कशाची काळजी होती?

एक साधा सूर घ्या. तो किती उंच, किती वेळ टिकला, किती जोरात आला, पुढच्या सुराकडे तुटून गेला की घसरत गेला, हे सगळं त्या एका सुरात असतं. सगळं लिहायला बसलो तर एका ओळीला पानभर जागा लागेल आणि गाता गाता ते वाचणं कुणाला जमणार नाही. म्हणजे निवड करावीच लागते.

सूर लिहायचा की हात?

पहिली मोठी निवड इथेच होते. कानाला काय ऐकू येतं ते लिहायचं, की हाताने काय करायचं ते लिहायचं?

चीनमधल्या गुचिन या सात तारांच्या वाद्यासाठी दुसरा मार्ग निवडला गेला. सातव्या शतकातल्या एका हस्तलिखितात अख्खी रचना चक्क गद्यात लिहिली आहे: कुठलं बोट, कुठली तार, कुठे दाबायची. पुढे याच सूचना आखूड करून त्यांची जोडचिन्हं बनली. सूर किती वेळ धरायचा हे मात्र त्यात येत नाही. ते वादकाने गुरूकडून आणि स्वतःच्या समजुतीने भरायचं. गिटार शिकणारी मुलं मोबाइलवर जी ‘टॅब’ पाहतात तीही याच जातीची. कुठल्या तारेवर कितव्या पट्टीत बोट ठेवायचं तेवढं ती सांगते.

आपले तबल्याचे बोल याच कुळातले. ‘धा’ म्हटलं की उजव्या हाताने किनारीवर ना आणि डाव्या हाताने डग्ग्यावर घे, दोन्ही एकदम. बोल म्हणजे हाताची हालचाल तोंडाने लिहिणं. तो कागदावर उतरवता येतो, पण त्याला कागद लागत नाही, हे महत्त्वाचं. घुमटही बोलांनीच शिकवतात. मातीच्या या वाद्याला दोन तोंडं असतात. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं असतं आणि लहान तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत आवाज बदलायचा. शामेळ या तालवाद्यावर दोन काठ्या, जोडीला कासाळं, म्हणजे झांजा. गणपतीपुढे आरती रंगते तेव्हा गाणाऱ्याचा श्वास, पुढच्या कडव्याची घाई, समोर बसलेल्यांचा उत्साह हे सगळं बघत चाल चढते. घुमटवाल्याचे डोळे कागदात अडकले तर समोरचं कोण बघणार?

म्हणजे आरतीच्या पथकाकडे लिपी नाही असं म्हणणं चुकीचं आहे. त्यांची लिपी जिभेवर आहे.

याच गोव्यातले खाप्रुमामा पर्वतकर एका हाताने एक ताल आणि दुसऱ्या हाताने दुसरा ताल धरण्यासाठी प्रसिद्ध होते. लयीचं इतकं गुंतागुंतीचं गणित त्यांनी बोलांत आणि मनात सांभाळलं. तेच पाश्चात्त्य पद्धतीने लिहायला घेतलं तर पान अपूर्णांकांनी भरून जाईल.

दगडावर कोरलेले सूर

सूर लिहिण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. सीरियातल्या उगारित इथे मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतल्या एकीवर इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपासचं एक स्तोत्र आहे आणि खाली तंतुवाद्यासाठी सूचना आहेत. त्या सूचना कशा वाचायच्या यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे त्याच पाटीवरून निरनिराळ्या चाली ‘वाचल्या’ गेल्या आहेत. आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या एका ग्रीक स्मारकशिळेचं तसं नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या या शिळेवर सेइकिलोस नावाच्या माणसाने एक छोटं गाणं कोरून घेतलं आहे, शब्दांच्या डोक्यावर सुरांची अक्षरं देऊन. ग्रीकांनी त्या अक्षरांचे अर्थ ग्रंथांत लिहून ठेवले होते, म्हणून ते गाणं आज गाता येतं. किल्ली जपली गेली तरच लिपी वाचता येते.

आपल्याकडे वेदपठणात उंच-सखल स्वरासाठी अक्षराखाली आडवी आणि अक्षरावर उभी रेघ देण्याची रीत आहे. सामवेदाच्या पोथ्यांत अक्षरांच्या डोक्यावर १, २, ३ असे आकडे दिसतात. तमिळनाडूत कुडुमियानमलै इथे मंदिरालगतच्या खडकावर सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा एक लेख आहे. त्यात ओळीच्या ओळी फक्त स्वराक्षरांच्या आहेत आणि एकाच स्वराची स, सि, सु, से अशी रूपं येतात. बदलणाऱ्या काना-वेलांटीचा नेमका अर्थ काय यावर अजून वाद आहे. पण लेखाच्या शेवटी हेतू स्वच्छ कोरला आहे: रुद्राचार्यांच्या एका राजशिष्याने हे ‘शिष्यहितार्थं’ केलं. विद्यार्थ्यांच्या भल्यासाठी. तेराशे वर्षांपूर्वी एक माणूस शिकणाऱ्यांसाठी डोंगरावर नोटेशन कोरून ठेवतो, याने मला फार भरून येतं.

पुढे तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातही रचना सरगमात दिलेल्या आहेत. सा-रे-ग-म ही षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम या नावांची आद्याक्षरं. लिहायला सोपी आणि तशीच गाताही येतात. तरीही रत्नाकरातल्या रचना आज खात्रीने गाता येत नाहीत. स्वरांची नावं आहेत, पण तेव्हाचा ऋषभ नेमका कुठे लागायचा, एका स्वरावरून दुसऱ्यावर कसं जायचं, हे ज्यांच्या गळ्यात होतं ते गेले. ते लिहायची गरज तेव्हा कुणाला वाटली नाही, कारण गुरू समोरच होता.

सांजांवचं स्तोत्र

युरोपातही सुरुवात अशीच झाली. सातव्या शतकातल्या सेव्हिलच्या इसिडोरने लिहून ठेवलं आहे की सूर स्मरणात धरले नाहीत तर नाहीसे होतात, कारण ते लिहिता येत नाहीत. नवव्या शतकात तिथल्या मठांत प्रार्थनेच्या शब्दांवर बारीक वळणदार खुणा दिसू लागल्या. त्यांना न्यूम म्हणतात. आवाज वर गेला, खाली आला, वर जाऊन उतरला, एवढंच त्या खुणा सांगत. किती वर, किती खाली, ते नाही. ज्याला चाल आधीच येते त्याला आठवण करून द्यायला त्या पुरेशा होत्या. नव्या माणसाला त्यांचा काही उपयोग नव्हता.

मठांना आणि कॅथीड्रलांना मात्र नवी माणसं सतत तयार करावी लागत. वर्षभराच्या सणवारांची शेकडो स्तोत्रं पाठ व्हायला मुलांची दहा-दहा वर्षं जात. अकराव्या शतकात इटलीतल्या अरेझो गावी असलेल्या ग्विदो नावाच्या साधूला या वेळेच्या नासाडीचा राग आला होता. त्याच्या लिखाणात तो स्पष्ट दिसतो. त्याने खुणा आडव्या रेघांवर आणि रेघांमधल्या जागांत बसवल्या. प्रत्येक रेघ, प्रत्येक फट म्हणजे जिन्याची एक पायरी. खूण कुठल्या पायरीवर आहे ते पाहायचं आणि तो सूर लावायचा. कुठल्या रेघेला कुठला सूर हे कळावं म्हणून एक रेघ लाल, एक पिवळी, आणि सुरुवातीला त्या सुराचं अक्षर. आज ओळीच्या सुरुवातीला जी डौलदार ‘क्लेफ’ काढतात ती अशाच एका अक्षराचं, जी-चं, वळत वळत झालेलं रूप आहे.

ग्विदोची दुसरी युक्ती गोवेकरांना जवळची वाटावी अशी आहे. सेंट जॉन बाप्तिस्ताच्या सणाचं, म्हणजे आपल्याकडे ज्या २४ जूनला डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारतात त्या सांजांवचं, एक लॅटिन स्तोत्र होतं. त्याच्या पहिल्या सहा चरणांची सुरुवात एकेका सुराने वर चढत जाते. ग्विदोने त्या चरणांची आद्याक्षरं घेतली: उत, रे, मी, फा, सोल, ला. मुलांना स्तोत्र पाठ असलं की सहा सूर पाठ. सातवा ‘सी’ पुढे आला, आणि गायला अवघड जाणाऱ्या ‘उत’च्या जागी सतराव्या शतकात ‘दो’ रुळला. आपल्या सरगमात आणि यात ‘रे’ सारखा आहे म्हणून एकाने दुसऱ्याकडून उचललं असं बोललं जातं. पण दोन्हीकडची अक्षरं कुठून आली ते स्पष्ट आहे आणि वाटा वेगळ्या आहेत.

दहा वर्षांचं काम एक-दोन वर्षांत होतं, असं ग्विदोचं म्हणणं होतं. कधीही न ऐकलेलं गाणं नुसतं वाचून गाता येऊ लागलं. याआधी लिपी आठवण करून देत होती, आता ती शिकवू लागली.

पण वेळ? ग्विदोच्या खुणा सूर किती लांब धरायचा ते सांगत नव्हत्या. सगळे एकच चाल एकत्र गात होते तोवर त्याने अडलं नाही, शब्दांच्या ओघात जमून जायचं. मग युरोपात एकाच वेळी दोन, तीन, चार वेगवेगळ्या चाली एकमेकींवर रचून गायची आवड वाढली आणि खरा पेच आला. माझा सूर कधी संपतो त्यावर शेजाऱ्याचा सूर गोड लागणार की कडू हे ठरू लागलं. तेराव्या शतकात कोलोनच्या फ्रँकोने नियम मांडला की खुणेच्या आकारावरूनच तिची लांबी कळली पाहिजे. चौदाव्या शतकात लांबीचे आणखी बारीक हिस्से पाडता येऊ लागले. तेव्हा तीनचा गट ‘परिपूर्ण’ मानत, ट्रिनिटीच्या तीनशी जोडून, आणि त्यासाठी पूर्ण वर्तुळ काढत. दोनच्या गटासाठी तुटकं वर्तुळ. आजही चार ठोक्यांच्या गाण्याच्या सुरुवातीला इंग्रजी सी-सारखं जे चिन्ह दिसतं ते हेच तुटकं वर्तुळ. १५०१ मध्ये व्हेनिसच्या पेत्रुच्चीने अशा बहुस्वरी गाण्यांचं पुस्तक सुटे खिळे वापरून छापलं आणि लिपी मठाबाहेर पडली.

कॉयरचा कागद या गरजेतून आलेला आहे. चार आवाजांच्या चार वेगळ्या वाटा एकमेकांत गुंतवून गायच्या तर कुणीतरी त्या आधी ठरवायला हव्यात, आणि ठरलेलं सगळ्यांसमोर असायला हवं. एकच चाल गाणाऱ्या आरतीला तो प्रश्नच पडत नाही.

गोव्यातून मुंबईच्या स्टुडिओत

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज मिशनऱ्यांनी ही लिपी गोव्यात आणली. चर्चच्या संगीतासाठी माणसं हवी होती. पॅरिश शाळांतून मुलांना अक्षरओळखीबरोबर सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत सूर वाचणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाऊ लागलं. ज्या सत्तेने हे केलं तिने इथल्या देवळांचं आणि घरांचं काय केलं ते आपण विसरत नाही. पण खेड्यापाड्यातल्या साध्या घरांतली मुलं पिढ्यान् पिढ्या स्वरलिपी वाचू लागली, हे उपखंडात दुसरीकडे क्वचितच घडलं, तेही खरं आहे. एकोणिसाव्या शतकात मांडो बहरला तेव्हा दोन आवाजांच्या त्या गाण्याबरोबर व्हायोलिनही असे आणि घुमटही. लिहून वाचायचं वाद्य आणि बोलांनी शिकायचं वाद्य एकाच खोलीत शेजारी बसत. मला तर गोव्याचं संगीत म्हणजे हीच खोली वाटते.

या वाचनाची किंमत मुंबईच्या सिनेसंगीताला कळली. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, सरगम म्हणायचा किंवा नुसतं गुणगुणायचा. समोर मोठा वाद्यवृंद बसलेला, आणि गाणं थोड्या वेळात ध्वनिमुद्रित व्हायला हवं. प्रत्येक वादकाला त्याचा वेगळा कागद लिहून देणारा अरेंजर लागे, आणि तो बहुतेक वेळा गोव्याचा असे. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी असं काम वर्षानुवर्षं केलं. आपल्या कानांत बसलेल्या कितीतरी गाण्यांमधले व्हायोलिनचे लोट आधी अशा कागदांवर उतरले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये राग आणि सिंफनी वाद्यवृंद एकत्र आणण्याचा मोठा प्रयोग केला. या माणसांची नावं पडद्यावर क्वचितच आली आणि त्यांनी लिहिलेले कागद फारसे जपले गेले नाहीत. सरगम ऐकून स्टाफवर, म्हणजे पाश्चात्त्य लिपीच्या पाच रेघांवर, लिहिणं हे दोन भाषांमधलं भाषांतर आहे, आणि ते रोज घड्याळाकडे पाहत करणाऱ्यांना आपण पुरेसा मान दिलेला नाही.

भातखंडे आणि पलुसकर

आता आपल्या घरातल्या वहीकडे येऊ. फोंड्यात, म्हापशात, मडगावात गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या वह्यांत जे नोटेशन असतं ते बहुतेक भातखंडे पद्धतीचं.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. त्यांची धास्ती युरोपातल्यापेक्षा अगदी वेगळी होती. बंदिशी, म्हणजे रागातल्या बांधलेल्या चिजा, घराण्यांच्या आत बंद होत्या. उस्ताद गेला की चिजाही जात. त्यांनी देशभर हिंडून त्या मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. त्यासाठी त्यांना कुठल्याही छापखान्यात जमेल आणि कुणालाही पटकन वाचता येईल अशी लिपी हवी होती. अक्षराखाली टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक; वर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, उतरलेला सूर. ‘म’च्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र, चढलेला. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणिलेचं चिन्ह, कालाला, म्हणजे टाळी नसलेल्या जागेला, शून्य, बाकीच्या टाळ्यांना २, ३ असे आकडे.

त्यातली वेळेची सोय मला सर्वांत हुशारीची वाटते. प्रत्येक मात्रेला पानावर एक जागा. सूर लांबला तर पुढच्या जागेत नुसती आडवी रेघ. एका मात्रेत दोन, तीन, पाच, सात सूर आले तर त्यांच्याखाली एक अर्धचंद्र काढायचा. संपलं. पाश्चात्त्य लिपीत हिस्से दोनाच्या पटीत पडतात, त्यामुळे पाच किंवा सातचा गट आला की वर वेगळा आकडा लिहावा लागतो. भातखंड्यांच्या पानाला पाच आणि चार सारखेच.

विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची वेगळी लिपी वापरली. त्यांच्याकडे प्रत्येक सुराखाली त्याची लांबी सांगणारं चिन्ह असतं: एक मात्रा, अर्धी, पाव, प्रत्येकाचं वेगळं. म्हणजे ती युरोपच्या विचाराला जास्त जवळची आणि नेमकेपणात सरस. पण पान चिन्हांनी भरतं आणि डोळा थकतो. विशारद या संगीत परीक्षेच्या वाटेवरच्या मुलांनी एक लक्षात ठेवावं: पलुसकर पद्धतीत अक्षरावरचं टिंब मंद्रासाठी आहे, भातखंडे पद्धतीत तारसाठी. नेमकं उलटं. परीक्षेत इथेच गोंधळ होतो.

‘पुस्तकात गेलेली चीज मेली’ असं म्हणणारे गवई तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. दरबारी कानड्याचा गंधार घ्या. तो कोमल आहे, पण नुसता कोमल नाही. खाली झुकलेला, रिषभाकडून संथ झोके घेत येणारा, झोपाळ्यासारखा नव्हे तर जड. भीमपलासीचा गंधार मध्यमाला शिवून येतो. तोडीचा आणखीनच उतरलेला. तिघांनाही भातखंडे लिपी एकच चिन्ह देते: ग आणि खाली रेघ. भैरवातला आंदोलित रिषभही असाच. पेटीवर तिन्ही ठिकाणी एकच पट्टी वाजते आणि तिन्ही वेळा राग अर्धाच उभा राहतो.

भातखंड्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. वाचणारा कुठल्यातरी गुरूकडे बसलेला असेल हे त्यांनी धरून चाललं होतं. सांगाडा पुस्तकात, श्वास तालमीत.

याला जोडून एक गोष्ट. १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचं संगीत असलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि बेथोवनच्या एका चौकडीचा भागही आहे. त्याच तबकडीवर चित्रंही आहेत, आणि त्यांतल्या एकात व्हायोलिनशेजारी त्या बेथोवनच्या रचनेचं लिहिलेलं पान दिसतं. म्हणजे एका संगीताचा आवाजही गेला आणि कागदही. केसरबाईंचा फक्त आवाज गेला. मला हे योग्य वाटतं. केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, दोघी अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं शिकल्या. त्या शिकण्याचा कागद बनवता आला नसता. ध्वनिमुद्रण आल्यावर कागदाचं काय काम, असं विचारणाऱ्यांना मी उलटं सांगेन. ध्वनिमुद्रण त्या दिवशीचं गाणं देतं. त्यातलं ठरलेलं किती आणि त्या क्षणी सुचलेलं किती हे वेगळं करून दाखवायला अजूनही वहीच लागते.

एकच ओळ, दोन लिप्यांत

भूपाच्या पाच स्वरांतली एक साधी ओळ सोळा मात्रांच्या तीनतालात बसवू.

सा रे ग रे | ग प ग – | ध प ग प | ग रे सा –

पहिल्या ‘सा’खाली समेचं चिन्ह, दुसऱ्या खंडाच्या ‘ग’खाली २, ‘ध’खाली शून्य, शेवटच्या खंडाच्या ‘ग’खाली ३. हे झालं भातखंडे पद्धतीने. आता पेटीची पांढरी एक पट्टी हा सा धरून हीच ओळ स्टाफवर न्यायची आहे. चार खंडांचे चार बार होतील. सा म्हणजे सी, तो पाच रेघांच्या खाली, स्वतःच्या छोट्या रेघेवर. रे म्हणजे डी, पहिल्या रेघेला खालून चिकटून. ग म्हणजे ई, पहिल्या रेघेवर. प म्हणजे जी, दुसऱ्या रेघेवर. ध म्हणजे ए, दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मध्ये. डोळ्याला चाल चढताना-उतरताना लगेच दिसते, आणि हे सरगमात दिसत नाही. दुसऱ्या खंडातला ‘ग –’ मात्र रेघेने लिहायचा नाही. तिथे खुणेचं डोकं पोकळ होतं आणि तेवढ्यानेच दोन मात्रा कळतात.

आता गाणारीने सांगितलं, माझा सा काळी चार. सरगमच्या पानावर काहीच बदलत नाही. स्टाफचं पान सगळं नव्याने लिहायचं आणि सुरुवातीला चार फ्लॅट, म्हणजे सूर उतरवणारी चिन्हं, मांडायचे. आपली लिपी सुरांमधलं नातं लिहिते, ती लिपी सुराची जागा लिहिते. वाद्यवृंदात प्रत्येकाची जागा ठरलेली लागते, म्हणून तिथे तीच सोयीची. एकट्या गळ्यासाठी पहिली. समेचं वजन आणि कालाचं हलकेपण स्टाफवर नीट दाखवता येत नाही. तिथे चारही बारांची पहिली मात्रा जवळपास सारखीच दिसते.

आणि दोघींनाही न जमणारी एक गोष्ट आहे. भूप आणि देसकार यांचे पाचही स्वर तेच. भूपाचा जीव गंधारात, देसकाराचा धैवतात. वर लिहिलेली ओळ कुठल्या रागाची हे चिन्हांवरून खात्रीने ठरत नाही. म्हणून पानाच्या डोक्यावर ‘राग भूप’ लिहिणं ही नुसती माहिती नाही. जाणकाराला त्या दोन शब्दांतून कुठे थांबायचं, कुठे वजन द्यायचं, कुठला सूर नुसता शिवून सोडायचा हे सगळं कळतं. ते दोन शब्द हा नोटेशनचाच भाग आहे.

मोबाइलवर नोटेशन पाठवणाऱ्यांसाठी थोडं. देवनागरी कीबोर्डच्या बाहेर, युनिकोडमध्ये, वेदपठणासाठी दिलेली अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी रेघ अशी दोन चिन्हं आहेत. कोमल रे॒ आणि तीव्र म॑ त्यांनीच लिहितात. तार सा अनुस्वाराने, सां. मंद्र ध नुक्त्याने, ध़. अर्धचंद्र मात्र सहज टंकता येत नाही, त्यासाठी हाताने लिहून फोटो पाठवणं बरं.

मुलांच्या वहीत चीज उतरवताना वरच्या ओळीत राग, ताल आणि लय लिहायला सांगा. त्याखाली सा कुठला धरला ते, काळी एक की पांढरी पाच. मग चीज कुणाकडून मिळाली आणि केव्हा. स्थायीचे शब्द आणि स्वर वेगवेगळ्या ओळींत, मात्रा एकाखाली एक नीट जुळवून. आंदोलन (सुराचा झोका), मींड (सुरावरून सुरावर घसरणं), कण (शेजारच्या सुराचा निसटता स्पर्श) यांना स्वतःची खूण ठरवून समासात तिचा अर्थ लिहावा, कारण किल्ली नसेल तर दहा वर्षांनी स्वतःलाही वाचता येत नाही. घुमटाच्या किंवा भजनाच्या ठेक्याचे बोल मिळाले तर तेही याच पद्धतीने मात्रांच्या चौकटीत लिहून ठेवावेत. आणि शिक्षकांनी एखादी जागा दोनदा वेगळी घेतली तर ‘बरोबर कुठली’ असं विचारून एक खोडू नये. दोन्ही लिहाव्यात, आणि कुठली कशानंतर आली तेही शेजारी.